क्लबहाउसमधल्या टाकीचं काय झालं

(कोजागिरीच्या कार्यक्रमात क्लबहाउसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध आटेपर्यंत वीस मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. विषयही कमिटीनेच दिला. गेले सहा महिने क्लबहाउसमध्ये येणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, "काकू, आपला मासा आहे ना अजून?" तेव्हा एकदाच सगळ्यांना हिशेब देऊन टाकते.

रौप्यमहोत्सवी वर्षाची सुरुवात म्हणून गुढीपाडव्याला आपण ही टाकी बसवली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने १९० लिटर होतात, पण खालची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा धरली तर पाणी असतं जेमतेम दीडशे लिटर. कल्पना फार छान होती, प्रत्येक घरातून एक जोडी मासे. सोसायटी सगळ्यांची, तशी टाकीही सगळ्यांची. मीही एक जोडी आणली होती, म्हणजे चुकीत माझाही वाटा आहे. आठवड्याभरात टाकीत ६१ मासे झाले. गोल्डफिश, मॉली, गप्पी, टायगर बार्ब, टेट्रा, दोन ऑस्कर, एक काच चाटणारा सकर आणि चार 'शार्क'.

या शार्कबद्दल आधी सांगते, कारण मुलांना ते सगळ्यात जास्त आवडले होते. ते शार्क नव्हेत. ती मागूरसारख्या बिनखवल्याच्या, मिशावाल्या माशांच्या जातीतली पिल्लं आहेत. दुकानात बोटाएवढी असतात, वाढली की मीटरभर होतात. हॉटेलात आपण 'बासा' म्हणून जो मासा खातो, तो बहुतेक वेळा हाच. आपण तीन फुटांच्या पेटीत तीन फुटांचा मासा वाढवायला ठेवला होता, तेही चार नग. ऑस्कर फूटभर होतो, सकर दीड फूट, साधा गोल्डफिशसुद्धा वीतभर. दुकानात हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

पहिले दहा-बारा दिवस सगळं झकास होतं. मग पाणी दुधासारखं पांढरट झालं. तिसऱ्या सोमवारी सकाळी वॉचमनदादांनी बेल वाजवली, "मॅडम, मासे सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतायत." त्या दिवशी दोन गेले, पुढच्या दोन दिवसांत आणखी तीन.

माझी नोकरी खोपोलीला कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली, पाणी तपासण्यात बरीच वर्षं गेली. तरी मला तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून पुढे झाले नाही. सेक्रेटरीसाहेबांनी जे केलं ते कोणीही चांगल्या मनाच्या माणसाने केलं असतं. त्यांनी टाकी साफ करून घेतली. सगळं पाणी काढलं, वाळू धुतली, काच घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र केला. वरच्या टाकीत त्याच दिवशी टीसीएल पावडर टाकलेली होती, तेच पाणी भरलं. शिवाय दुकानदाराने दिलेलं निळं औषध ओतलं. टाकी आरशासारखी दिसत होती. पुढच्या चार दिवसांत १४ मासे मेले.

(साहेब हसतायत. त्यांची परवानगी घेऊनच सांगतेय.)

गर्दीने पाच मासे मेले आणि स्वच्छतेने चौदा. हे असं का झालं, ते कळलं तर बाकी सगळं सोपं आहे.

मासा आपल्यासारखा लघवीतून युरिया टाकत नाही. त्याच्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन बहुतांशी कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन थेट पाण्यात उतरतो. उरलेलं खाणं, विष्ठा, कुजलेलं पान, सगळ्याचा शेवट अमोनियातच. नदीत ते वाहून जातं, पेटीत कुठे जाणार? पेटीत ते खाणारे जिवाणू लागतात. एक प्रकार अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विष, नायट्राइटही विष, नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य, पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजला, वाळूला, काचेला चिकटून राहतात. आपल्याला जो बुळबुळीत मळ वाटतो, त्यात त्यांची वस्ती असते. आणि ते वाढतात फार हळू. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होत असतील, तर यांना एकाचे दोन व्हायला पंधरा-वीस तास, कधी दिवसभर लागतो. नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात ते म्हणूनच. आपल्या एसटीपीचा ब्लोअर बंद पडला की दोन दिवसांत वास का सुटतो, हे कमिटीला सांगायला नको. तिथेही हवेवर जगणारे असेच जिवाणू कामाला असतात.

आपल्या टाकीत ही वस्ती पंधरा दिवसांची, नुकती कुठे धरू लागलेली. ती आपण क्लोरीनच्या पाण्याने धुतली, उरलीसुरली निळ्या औषधाने मारली. मासे आजारी नव्हते, पाणी आजारी होतं. आणि औषध आपण माशांना दिलं.

मग मी टाकी ताब्यात घेतली. थेंबांचा टेस्ट किट मागवला. अमोनिया निघाला ४ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ४ मिलिग्रॅम. पीएच ८. एप्रिल होता, टँकर आणि बोअरचं पाणी चालू होतं. आपल्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी जड असतं, पीएचही चढा. हे मुद्दाम सांगते, कारण अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक मोकळा, विषारी. दुसरा अमोनियम, बराचसा निरुपद्रवी. पीएच ७ असेल तर विषारी भाग अर्धा टक्का. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांवर. आकडा तोच, विष दहापट.

आता ६१ पैकी ४२ मासे उरले होते. मी खाणं बंद केलं, पूर्ण तीन दिवस. यावर फार ओरड झाली. मुलं रडली, एक आजी मला "उपाशी मारतेस का मुक्या जिवांना" म्हणाल्या. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे, आठवडाभर खाणं नसलं तरी धडधाकट मोठा मासा मरत नाही. अमोनियाने एका रात्रीत मरतो.

पाणी रोज सकाळी फक्त तीस टक्के बदललं. चारचं एका दिवसात २.८, मग दोनच्या खाली, मग १.४, त्यात रोजची नवी भर पडतच असते, म्हणून उतार कागदावरच्यापेक्षा संथ. एकदम सगळं का नाही? कारण मासा त्या वाईट पाण्यालाही सरावलेला असतो. पीएच, जडपणा, तापमान एका फटक्यात बदललं तर तो धक्काही जीव घेतो. नवं पाणी आदल्या रात्री पिंपात भरून त्यात एअर पंपाची नळी सोडून ठेवायची. टीसीएलचा क्लोरीन रात्रभरात उडतो. घाई असेल तर दुकानात थायोसल्फेटचे थेंब मिळतात. स्पंजला हात नाही. अगदीच तुंबला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, नळाखाली कधीच नाही.

वस्ती पुन्हा वसवायला मी तळेगावच्या एका ओळखीच्यांकडून त्यांच्या दोन वर्षं चाललेल्या टाकीतला अर्धा स्पंज मागून आणला. घाणेरडा, तपकिरी. त्यांच्याच पाण्यात पिशवीत बुडवून, लोकलमधून, मांडीवर. शेजारच्या बाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या. विरजणासारखंच आहे हे, फक्त ज्याच्याकडून घ्यायचं त्याचे मासे निरोगी आहेत ना हे बघून घ्यावं, नाहीतर रोगही विरजणातून येतो.

एवढं करूनही आकडा मध्येच उसळायचा, आणि का ते मला कळेना. ते शोधून काढलं बी विंगमधल्या पाचवीतल्या एका मुलीने. तिचा वाढदिवसाचा गोल्डफिश टाकीत होता. ती रोज एका वहीत लिहायची, किती मासे, कोण मेलं, मी सांगितलेला अमोनियाचा आकडा, आणि त्या दिवशी क्लबहाउसमध्ये कोण कोण आलं होतं. ते शेवटचं का लिहायची देव जाणे. एक दिवस तिने वही माझ्यापुढे धरली, "आजी, बघा ना, सगळं सोमवारीच होतं."

आणि खरंच. पहिले मासे गेले तो सोमवार. आकडा उसळायचा तोही सोमवारी.

खंडाळ्यात राहणाऱ्याला सोमवार म्हणजे काय हे सांगायला नको. रविवारी भुशी धरणावर काय होतं तेही माहीत आहे. आपल्या निम्म्या सदनिका शुक्रवारी रात्री उघडतात. शनिवारी-रविवारी पाहुणे, मुलं, सगळे क्लबहाउसमध्ये येतात, आणि प्रत्येक जण प्रेमाने एक चिमूट खाणं टाकतो. आदल्याने टाकलंय हे त्याला कसं कळणार? मी एक चिमूट तोलून पाहिली, साधारण अर्धा ग्रॅम. वीस चिमटी म्हणजे दहा ग्रॅम. त्या खाद्यात चाळीस टक्के प्रथिनं, प्रथिनात सोळा टक्के नायट्रोजन, म्हणजे ६४० मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन दीडशे लिटरमध्ये उतरला, तरी लिटरमागे दोन मिलिग्रॅमची भर एका शनिवार-रविवारात. ६१ मासे तर जास्त होतेच, पण मासे मोजताना मी हात मोजायला विसरले होते.

त्या दिवसापासून खाण्याचा डबा माझ्याकडे आहे. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा, गुरुवारी उपवास.

मग दुसरं संकट, नायट्राइट. अमोनिया उतरू लागला की हे चढतं, कारण दुसऱ्या प्रकारचे जिवाणू मागाहून येतात. नायट्राइटने माशाचं रक्त तपकिरी होतं, प्राणवायू वाहून नेईना होतं. पाण्यात भरपूर हवा असून मासा गुदमरतो. यावर स्वयंपाकघरातला उपाय आहे, जाडं मीठ. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला दीडशे ग्रॅम, विरघळवून, दोन दिवसांत थोडं थोडं. बिनखवल्याच्या माशांना मीठ सोसत नाही, म्हणून आणखी हळू. मे महिनाअखेर दोन्ही आकडे शून्यावर आले. माझ्या हातात आल्यावरही चार मासे गेले. ते लपवत नाही.

उरले ३८. पाणी सुधारलं होतं, पण एवढ्या माशांसाठी ती टाकी कधीच पुरली नसती. आता सगळ्यात अवघड काम, कोणाचा मासा ठेवायचा आणि कोणाचा नाही. टाकीपेक्षा जास्त अमोनिया त्या मीटिंगमध्ये झाला. मी एवढंच म्हटलं, की आज किती मोठा आहे ते बघू नका, पूर्ण वाढल्यावर किती होईल ते बघा. त्या हिशेबाने तीन शार्क, दोन ऑस्कर, सकर आणि दहा गोल्डफिश, असे १६ बाहेर. कोणीतरी विचारलं की वळवणला टाटांच्या केंद्रात महासीरची हजारो पिल्लं कशी मावतात? मावतात, कारण तिथे नवं पाणी येत राहतं आणि ते बघणं हे त्या लोकांचं कामच आहे, पन्नासहून अधिक वर्षं ते करतायत. आपल्याकडे वाहतं पाणी नाही, बादली आहे.

आणि दुसऱ्या एकाने म्हटलं, "सोडून द्या ना वळवणच्या तलावात, बिचारे मोकळे होतील." यावर मी जरा आवाज चढवला, त्याबद्दल माफी, पण मुद्द्याबद्दल नाही. हे मासे इथले नाहीत. सकर आपल्या देशात कितीतरी नद्या-तलावांत असाच कोणाच्या तरी घरच्या टाकीतून पोचलाय आणि आता निघता निघत नाही. आपल्या डोंगरातल्या ओढ्यांत स्वतःचे मासे आहेत. १९१९ साली अ‍ॅनंडेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने एका छोट्या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं, तो मासा मिळाला होता खंडाळ्याच्या ओढ्यात. पॅरासिलोऱ्हिंकस टेंटाक्युलॅटस असं लांबलचक नाव आहे त्याचं. बोटाएवढा, धबधब्याच्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारा. दुनियेच्या पुस्तकात त्याचा पत्ता खंडाळा असा लिहिलेला आहे. पलीकडे कुरवंड्याजवळ इंद्रायणी उगम पावते, ती पुढे देहू-आळंदीला जाते. तिच्यात आपली हौस सोडायची?

गोल्डफिश आपल्याच एका सभासदांच्या बंगल्यातल्या दगडी हौदात गेले. बी विंगवाल्या मुलीने स्वतः पिशवी नेली, तासभर हौदाचं पाणी वाटीवाटीने पिशवीत घातलं आणि मग सोडला. वाटेत एक शब्द बोलली नाही. ऑस्कर तळेगावला स्पंजवाल्यांकडे. शार्क आणि सकर पुण्यातल्या एका दुकानाने परत घेतले, पैसे न देता. त्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

राहिले २२. मला वाटलं सुटलो. मग पाऊस आला.

आपल्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जूननंतर नळाला येतं ते जवळजवळ पावसाचंच पाणी, हलकं, क्षार नसलेलं. माणसाला उत्तम. पण जिवाणू अमोनिया पचवतात तेव्हा आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल झेलायला पाण्यात कार्बोनेट लागतं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे साधारण सात मिलिग्रॅम कार्बोनेटचा क्षार खर्ची पडतो. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यात तो भरपूर होता, जुलैत संपला. पीएच घसरत ६.२ वर आला. इतक्या आम्ल पाण्यात जिवाणू काम मंदावतात, म्हणून अमोनिया पुन्हा दिसू लागला, अर्धा पीपीएम. मासे मात्र ठीक होते, कारण पीएच खाली असल्याने सगळा अमोनियम रूपात.

इथे फसगत आहे. खायचा सोडा टाकून पीएच झटकन वर नेता येतो. तसं केलं असतं तर तोच निरुपद्रवी अमोनियम तासाभरात विष झाला असता. म्हणून आधी त्याच हलक्या पाण्याने तीन दिवस थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया काढला. मग अलिबागहून आणलेले शिंपले धुऊन, फोडून, कापडी पिशवीत बांधून फिल्टरपाशी ठेवले. ते आपले सावकाश विरघळतात. जोडीला रोज पाव चमचा सोडा, आठवडाभर. आपल्या टाकीत सपाट एक चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम, घातला की क्षार एका अंशाने वाढतो, त्याहून घाई नको. पीएच ७ वर स्थिरावला तो आजतागायत. दर वर्षी जूनमध्ये पिशवी बदलायची आणि मे महिन्यात काढायची, हे मी फिल्टरच्या झाकणावर लिहून ठेवलंय.

पावसातच वीजही जाते. एका रात्री सात तास नव्हती. फिल्टर बंद म्हणजे नुसती हवा बंद नाही, स्पंजमधले जिवाणू प्राणवायूवाचून मरतात. त्या रात्री वॉचमनदादांनी दर अर्ध्या तासाने तांब्याने पाणी उचलून वरून ओतलं, पहाटेपर्यंत. एकही मासा गेला नाही. हे स्मरणिकेत छापून यावं, अशी माझी विनंती आहे.

आज सकाळचे आकडे फळ्यावर आहेत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०, पीएच ७. मासे २२ होते, गप्पींना पिल्लं झाल्यामुळे आता तीसच्या वर. ज्यांना हवीत त्यांनी न्या, पण घरी टाकी आहे का ते मी विचारणार.

कमिटीकडे दोन मागण्या आहेत. एअर पंपासाठी इन्व्हर्टरचं एक पॉइंट, आणि डिसेंबरच्या आत एक हीटर. थंडीत रात्री क्लबहाउस किती गार पडतं ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे, आणि टेट्राला चोवीस-पंचवीस अंश लागतात. दोन्ही मिळून खर्च सजावटीच्या दिव्यांहून कमी आहे, कोटेशन खजिनदारांकडे दिलेलं आहे.

डबा माझ्याकडेच राहील. दूध आलेलं दिसतंय.